चिकलठाणा ते नांदेड विमानतळ : अंतर किती, वेळ किती? (प्रश्न दाजींचा आहे)

उस्मानपुऱ्यातला
नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचं लग्न माघात आहे, इथंच संभाजीनगरला, बीड बायपासच्या एका लॉनवर. मुहूर्त दुपारी १२:३५.

मोठे दाजी बेंगळुरूला असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना ऑफिसात हजर राहायचंय, सुट्टी मिळेना. त्या दिवशी संभाजीनगरहून त्यांना सोयीचं विमान नाही. मुंबई फिरून गेलं तर मध्यरात्र होते आणि तिकीट बघून माझेच डोळे पांढरे झाले. मग त्यांनी इंटरनेटवर शोधून नांदेड ते बेंगळुरू संध्याकाळी ५:५० चं तिकीट काढलं. मला विचारून नाही, काढल्यावर सांगितलं.

त्यांचा हिशोब असा : एका साइटवर चिकलठाणा (आपलं इथलं) आणि नांदेड अशी दोन विमानतळांची नावं टाकली, उत्तर आलं २१५ किलोमीटर, ४६ मिनिटं. "विमान नसलं तरी गाडीनं तीन तास धर. एकला निघालो तर चारला नांदेड."

मी म्हटलं दाजी, इतकं सोपं नाही. ते म्हणाले, साइटवर आहे. जावयापुढं किती बोलणार? म्हणून इथं विचारतो. चिकलठाण्याहून नांदेडच्या विमानतळापर्यंत खरा वेळ किती लागतो? जे हा रस्ता नेहमी करतात त्यांनीच सांगावं. मी धागा दाजींना पाठवणार आहे, तेव्हा भाषा जरा सांभाळून.

जिंतूर_फास्ट
चारला नांदेड? चारला तुमचे दाजी जिंतूरच्या स्टँडसमोर असतील.

मी अकरा वर्षं या रोडवर गाडी चालवतो. करमाड, बदनापूर, जालना, वाटूर फाटा, मंठा, जिंतूर, औंढा, वसमत, नांदेड. अडीचशेच्या आसपास किलोमीटर. रिकामा रोड, पहाटेची वेळ आणि ड्रायव्हर जागा असला तर पावणेपाच तास. दुपारी साडेपाच. लग्नसराईत सहा धरा. चहा त्यात धरलेला नाही.

सेलूकर
बसतो. लग्नातला धागा आहे, जेवण मिळेल.

गणित_मास्तर
२१५ चा आकडा खोटा नाही, एवढं दाजींच्या बाजूनं सांगतो. घरी करून बघता येतो, कॅल्क्युलेटर पुरे.

चिकलठाणा विमानतळ अक्षांश १९.८६, रेखांश ७५.४०. नांदेड १९.१८ आणि ७७.३२. फरक अक्षांशात ०.६८, रेखांशात १.९२ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण ७५. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो पण वर येता येता आखडतो. आपल्या पट्ट्यात साधारण १०५. म्हणून पूर्व-पश्चिम २०२. आता आठवीतला पायथागोरस : ७५ चा वर्ग ५६२५, २०२ चा वर्ग ४०८०४, बेरीज ४६४२९, वर्गमूळ २१५ आणि वर थोडं. पृथ्वी गोल आहे वगैरे धरलं तरी एवढ्या अंतराला फरक पडत नाही.

वैमानिकांच्या भाषेत ११६ सागरी मैल (एक सागरी मैल १.८५२ किमी).

पण हे कावळ्याचं अंतर आहे. दाजींना पंख नाहीत.

विमानवेडा
आणि ते ४६ मिनिटं कुठून आलं ते मी सांगतो, कारण या साइटांचं पितळ एकदा उघडं पडायला हवं. अशा बऱ्याच साइटांवर त्या मार्गावर विमान उडतं की नाही हे बघितलंच जात नाही. एक ठोकळ सूत्र असतं : ताशी ८०० किलोमीटर वेग धरायचा आणि चढ-उतारासाठी अर्धा तास मिळवायचा. २१५ भागिले ८०० म्हणजे सोळा मिनिटं. अधिक तीस. झाली ४६. तुम्ही चिकलठाणा ते शिर्डी टाका, तिथंही अर्ध्या तासाच्या वर उत्तर येईल.

गंमत अशी की उत्तर फार चुकलेलं नाही. कारण वेगळंच आहे. एवढ्या अंतरावर जेट ८०० ला पोचेपर्यंत उतरायची वेळ होते. इथं उडालंच असतं तर पंख्याचं छोटं एटीआर विमान उडालं असतं, ते ताशी ५०० च्या आसपास. २१५ ला पंचवीस-सव्वीस मिनिटं, मग धावपट्टीवर जाणं-येणं, चढणं, वळसा घेऊन उतरणं. दारं बंद झाल्यापासून उघडेपर्यंत पाऊण तास. म्हणजे गणित चूक, उत्तर बरोबर. शाळेत अशाला अर्धे गुण मिळायचे.

जाता जाता, चिकलठाण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पूर्वेकडं उडालात की नाक जवळजवळ नांदेडकडंच असतं, थोडं उजवीकडं दाबायचं.

गणित_मास्तर
@विमानवेडा : मी शून्य देतो. रीत महत्त्वाची.

सेलूकर
मास्तर, त्या सरळ रेषेचा मधला बिंदू कुठं येतो?

गणित_मास्तर
१९.५२, ७६.३६. परतूर, मंठा आणि सेलू यांच्या मधोमध कुठंतरी.

सेलूकर
म्हणजे आमच्या तुरीवरून. दाजींना म्हणावं खाली उतरा, हुरडा तयार आहे.

गोदाकाठी
मी नांदेडची, तरोड्याकडची. एक विचारू का? दाजींनी नांदेडला विमानतळ कुठंय ते पाहिलंय ना? मागं माझी एक मैत्रीण पुण्यात टॅक्सीत बसून "नांदेड" म्हणाली. पुढचं एक तास सिंहगड रोड. नांदेड सिटी.

विमानतळ आमच्याकडं सांगवीला आहे, गावातच म्हणा. वसमतकडून आलात तर स्टेशनच्या गर्दीत शिरायची गरज नाही. पण त्या बाजूनं येणाऱ्यांनी शेवटच्या दहा किलोमीटरला अर्धा तास वेगळा धरावा. आणि विमानतळ छोटा आहे म्हणून उशिरा गेलं तर चालतं असं नाही. काउंटर बहुतेक तासभर आधी बंद करतात. ५:५० म्हणजे ४:५०. माझ्या मिस्टरांनी हे पाच मिनिटांनी शिकलेलं आहे.

उस्मानपुऱ्यातला
म्हणजे एक ते चार-पन्नास. तीन तास पन्नास मिनिटांत अडीचशे किलोमीटर.

जिंतूर_फास्ट
रोड म्हणजे काय समृद्धी महामार्ग आहे का?

बदनापूरचा_बाळू
समृद्धीवरून जालन्यापर्यंत झटक्यात जाता येईल की. मग पुढं.

जिंतूर_फास्ट
जालना तुमच्या लॉनपासून साठ-पासष्ट किलोमीटर. त्यात पंधरा-वीस मिनिटं वाचली तरी जालन्याच्या पुढचं काय? समृद्धी जालन्यावरून नागपूरकडं जाते, सिंदखेडराजा, मेहकर. नांदेड राहतं उजव्या हाताला. जालना-नांदेड द्रुतगतीचा १८० किलोमीटरचा फाटा कागदावर आलाय, शेतकऱ्यांशी मोजणीवरून, मोबदल्यावरून काय काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तो झाला की हा धागा वर काढा, दाजी तीन तासांत पोचतील. ह्या माघात नाही.

आता ह्या माघातलं सांगतो. जालना बायपास सोडला की वाटूर फाट्यापर्यंत बरं. मंठ्याला बाजार असला तर गेलं. जिंतूरच्या पुढं औंढ्यापर्यंत घाट म्हणता येणार नाही पण वळणं आहेत, माळ आहे, ओव्हरटेकला जीव मुठीत. औंढ्यात सोमवार असला तर नागनाथाची गर्दी. आणि वसमतच्या पट्ट्यात सध्या ऊस. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर ऊस एवढा की रस्त्याच्या दोन्ही कडांना घासतो, मागं ना लाल दिवा ना चिंधी. अशा ट्रॅक्टरच्या मागं लागलात की ताशी पंधरा. पुढं काढायला जागा मिळेपर्यंत ऊस सोलून खाता येतो. हळदीच्या गाड्या वेगळ्याच.

मी काय म्हणतो, भाडं मला द्या, मी नेतो. पण पोचवायची हमी देणार नाही.

पूर्णा_जंक्शन
सगळे रस्त्यावर का भांडू लागले? रेल्वे आहे की.

आधी एक गोष्ट बघा. विमानाची सरळ रेषा २१५. रेल्वेनं संभाजीनगर ते परभणी १७७, पुढं पूर्णा आणि नांदेड धरून सगळं मिळून २३५ च्या आसपास. म्हणजे कावळ्यापेक्षा वीस किलोमीटर जास्त फक्त. आणि ही लाइन टाकली निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास, हैदराबाद-मनमाड मीटरगेज. ज्यांनी ती आखली त्यांच्याकडं ना उपग्रह होता ना दाजींची साइट. साखळी, दुर्बीण आणि घोडा. दुधनेच्या कडेकडेनं सपाटी धरून अशी काय काढली की सव्वाशे वर्षांत रस्तेवाल्यांना त्याहून सरळ जाता आलं नाही. मीटरगेजची ब्रॉडगेज नव्वदच्या दशकात झाली. माझे वडील तेव्हा रांजणीला होते, आम्ही लहान गाडीचा शेवटचा डबा हात लावून बघितला होता.

आता वेळ. वंदे भारत ऑगस्ट २०२५ पासून नांदेडपर्यंत आली. नांदेडहून पहाटे पाचला निघते, सव्वाआठच्या सुमाराला संभाजीनगर. सव्वातीन तास. विमानानं गेलात असं समजा : घरून निघणं, तासभर आधी पोचणं, तपासणी, पाऊण तास विमान, बॅगेची वाट, गावात येणं. तेवढाच वेळ. शिवाय गाडीत पाय लांब करता येतात.

उस्मानपुऱ्यातला
दुपारी आहे का ती?

पूर्णा_जंक्शन
तिथंच गाडी अडते ना राव. परत येताना ती मुंबईहून दुपारी निघते, संभाजीनगरला संध्याकाळ होते, नांदेडला रात्री पावणेअकराच्या पुढं. दाजींचं विमान तेव्हा बेंगळुरूला उतरलेलं असेल.

दुपारची तपोवन आहे. एकच्या पुढंमागं संभाजीनगर, नांदेडला सहाच्या सुमाराला. वेळापत्रक एकदा तपासून घ्या. तरी ५:५० ला जमत नाही. आणि परभणीपर्यंत अजून एकेरी लाइन आहे. परभणी ते मुदखेड दुहेरी झाली, पण संभाजीनगर-परभणीच्या १७७ किलोमीटरला मंजुरी मिळाली ती जुलै २०२५ मध्ये, काम व्हायचंय. तोवर समोरून गाडी आली की सातोना नाहीतर पेडगावला बाजूला घेऊन उभं करतात. उभं राहिल्यावर मग वेळ कुणी मोजायचा नसतो. शेंगावाला येतो, त्याच्याकडं बघायचं.

परभणीकर_जर्मन
जगात जर्मनी, भारतात परभणी. दोन्ही विमानतळांच्या मधे आम्ही, आणि आम्हाला एकही नाही. चर्चा चालू द्या.

मोंढा_नाका
मी त्या साइटवर स्वतः बघितलं. मला ९५५ किलोमीटर दाखवलं. ४६ मिनिटं कुठली, दीड तासाच्या वर!!

गणित_मास्तर
बिहारमधलं औरंगाबाद निवडलं असेल. तिकडं साधारण तेवढंच येतं.

मोंढा_नाका
अगं बाई. हो.

खडकी_१६१०
म्हणूनच म्हणतो नाव बदलायला पाहिजे होतं / नको होतं यावर

मंडळ_सेवक
वरच्या प्रतिसादाचा पुढचा भाग आणि त्याला आलेली सहा उत्तरं उडवली आहेत. नावावरचा वाद करायला वेगळा धागा आहे, तो आता ४१२ प्रतिसादांवर आहे. तिकडं जा.

विमानवेडा
एक शंका कुणी विचारली नाही, मीच विचारतो आणि उत्तर देतो : या दोन विमानतळांत विमान का नाही?

'उडान' योजना २०१६ मध्ये आली तेव्हा अनुदानासाठी मार्गाची लांबी साधारण २०० ते ८०० किलोमीटर असावी अशी अट होती. आपलं २१५. म्हणजे नियमात काठावर बसतं. नांदेड तर या योजनेच्या अगदी पहिल्या गावांपैकी. २७ एप्रिल २०१७ ला पंतप्रधानांनी सिमल्याहून जी उड्डाणं सुरू केली त्यात नांदेड-हैदराबाद होतं. नांदेड-हैदराबाद हवाई अंतर २४५ च्या आसपास, आपल्याहून थोडंच जास्त.

फरक प्रवाशांत आहे. हैदराबादला गेलेला माणूस पुढं दुबईला जातो, बेंगळुरूला जातो. संभाजीनगरला उतरलेला नांदेडचा माणूस कुठं जातो? घाटी दवाखान्यात नाहीतर हायकोर्टात. त्याला रेल्वेचं जनरल तिकीट परवडतं. विमानाचं निम्मं इंधन चढण्यातच जातं म्हणतात तसं काही मी म्हणणार नाही, पण एवढ्याशा उड्डाणात चढ-उताराचा वाटा मोठा असतो हे खरं. बहात्तर सीट रोज भरणार कुणाच्या जिवावर?

म्हणून आज कुणाला दोन्हीकडं विमानानंच जायचं असेल तर हैदराबाद फिरून. ४३० अधिक २४५, म्हणजे २१५ च्या जागी पावणेसातशे किलोमीटर आणि मधे चार-पाच तास बाकड्यावर.

गोदाकाठी
घाटी आणि हायकोर्ट. अगदी. माझे सासरे दोन्हीकडं गेलेले आहेत, रात्रीच्या गाडीनं.

विमानवेडा, नांदेडचं अजून एक सांगते. आमचा विमानतळ १९५८ चा. पण तो खरा जागा झाला २००८ मध्ये, गुरु-ता-गद्दीला (गुरुग्रंथसाहिबाला गुरुपद मिळालं त्याला) तीनशे वर्षं झाली तेव्हा. धावपट्टी वाढली, नवी इमारत आली. आमच्या गल्लीतल्या पोरांनी पहिल्यांदा मोठं विमान एवढ्या खालून बघितलं. त्यानंतर विमानं सुरू होतात, बंद होतात, परत सुरू होतात. त्यामुळं दाजींना सांगा, आदल्या दिवशी विमान आहे का याची खात्री करा. तिकीट हातात असणं वेगळं.

लातूर_पॅटर्न
आमच्याकडं पण विमानतळ आहे, चिंचोलीजवळ. धावपट्टी आहे. इमारत आहे. नांदेडपासून हवेतून सव्वाशे किलोमीटर. त्या साइटवर लातूर-नांदेडलाही चाळीस मिनिटं दाखवतंय. आनंद झाला.

बेंगळुरूचे_दाजी
नमस्कार. ज्यांच्यावर चर्चा चालू आहे तो मी. मेव्हण्यानं लिंक पाठवली. खातं आत्ताच काढलंय.

सगळं वाचलं. शेवटची एकच बाजू मांडतो. मुहूर्त १२:३५ चा आहे. अक्षता पडल्या की १२:४० ला मी गाडीत बसलो, जेवलो नाही, तर वीस मिनिटं अजून मिळतात. चार तास दहा मिनिटं. ताशी साठचा वेग. साठ काय जास्त आहे का?

मावशी_पैठण_गेट
दाजी, तुमचं लग्न कुठं झालं होतं? बेंगळुरूला का?

मराठवाड्यात १२:३५ चा मुहूर्त म्हणजे १२:३५ ला नवरदेव मारुतीच्या पारावर असतो. घोडी असते, बँड असतो, नवरदेवाचे मित्र असतात आणि बँडवाल्याला पैसे दिलेले असतात. एकदा का त्या पोरांनी झिंगायला सुरुवात केली की ब्रह्मदेव आला तरी वरात पुढं सरकत नाही. मग स्टेजवर सत्कार. आमदार येऊन गेल्याशिवाय मंगलाष्टक नाही, आणि आमदारांची त्या दिवशी अजून नऊ लग्नं असतात. आमच्या पुतणीचं १२:२० चं लग्न २:१० ला लागलं. भटजींनी मधे एकदा जेवून घेतलं.

गणित_मास्तर
यात एक शास्त्रीय मुद्दा आहे. रेखांशात १.९२ अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं. म्हणजे नांदेडला सूर्य संभाजीनगरच्या आधी पावणेआठ मिनिटं डोक्यावर येतो. घड्याळ एकच असलं तरी. पंचांगात गावागणिक वेळा थोड्या बदलतात त्या यामुळंच. हेच लग्न नांदेडला असतं तर मुहूर्त आठ मिनिटं अलीकडं आला असता.

मावशी_पैठण_गेट
मास्तर, आमदार आठ मिनिटं अलीकडं आला असता का?

जिंतूर_फास्ट
दाजी, ताशी साठ जास्त नाही. सरासरी साठ म्हणजे काय ते समजून घ्या. चार तास दहा मिनिटं गाडी एकदाही साठच्या खाली यायची नाही, आली तर तेवढा वेळ ऐंशी-नव्वदनं भरून काढायचा. बीड बायपासवरून केंब्रिज चौकापर्यंतच तुम्ही वीस मिनिटं घालवणार. पुढं शेंद्र्याची कंपनी सुटायची वेळ. लघवीला थांबायचं नाही. डिझेल आधीच भरलेलं पाहिजे.

मागच्या साली एकाला असंच नेत होतो, नांदेडचंच विमान. अशीच घाई. जिंतूरच्या अलीकडं टायर बसलं. स्टेपनी काढेपर्यंत बावीस मिनिटं. तो माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहून मोबाइलमध्ये बघत होता, बाण पुढं सरकतो का. गाडी जॅकवर आहे, बाण कुठून सरकणार? आम्ही वसमतला असताना विमान डोक्यावरून गेलं. तेच होतं की दुसरं, देवाला माहीत. त्यानं खिडकीतून मान काढून बघितलं आणि मला म्हणाला, आता सावकाश चला.

पूर्णा_जंक्शन
^^ हे वाचून पाणी आलं डोळ्यांत.

बेंगळुरूचे_दाजी
समजलं. तिकीट रद्द केलं तर काहीच परत मिळत नाही, स्वस्तातलं आहे. ऑफिस ऐकत नाही. मग राहिलं काय?

गोदाकाठी
सकाळीच निघा. हळद, सीमांतपूजन सगळं आदल्या दिवशी करून घ्या. सकाळी आठला गाडीत बसा. दीडपर्यंत नांदेड. वेळ उरला तर सचखंड गुरुद्वाऱ्यात माथा टेका, लंगरमध्ये जेवा, विमानतळ तिथून लांब नाही. लग्न चुकेल, पण विमान आणि जीव दोन्ही मिळतील.

उस्मानपुऱ्यातला
ताई, हे मी दाजींना सांगू शकतो. मोठ्या बहिणीला कोण सांगणार?

सेलूकर
धागा तिलाही पाठवा.

उस्मानपुऱ्यातला
(बावीस दिवसांनी)

मंडळी, लग्न पार पडलं. बरेच जण खाजगी निरोप पाठवून विचारत होते, म्हणून लिहितो.

ताईला धागा दाखवला. तिनं जिंतूर_फास्ट यांचा टायरचा किस्सा वाचला आणि एक शब्द न बोलता दाजींची बॅग भरली. तीन दिवस मात्र त्यांच्याशी बोलली नाही. आईचं वेगळंच, "थोरला जावई मांडवात नाही, लोक काय म्हणतील." लोक काहीच म्हणाले नाहीत, लोक जेवत होते.

दाजी सकाळी ८:१० ला निघाले. जिंतूर_फास्ट यांनीच नेलं, धाग्यावरची ओळख. वाटूर फाट्याला एकच चहा. मंठ्याला बाजार लागला, औंढ्याच्या पुढं उसाचे तीन ट्रॅक्टर ओळीनं. नांदेड १:४० ला. म्हणजे साडेपाच तास, यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते तेवढे. गुरुद्वाऱ्यात जाऊन, लंगर घेऊन तीनच्या आत विमानतळावर.

आता इकडचं. १२:३५ चं लग्न. नवरदेव लॉनच्या फाटकावर १:२५ ला आला. मावशी म्हणाल्या तसं सगळं झालं, आमदार सोडून. ते आलेच नाहीत, त्यांचा पुतण्या आला आणि काकांपेक्षा जास्त बोलला. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा ३:०५.

मी स्टेजच्या कोपऱ्यात उभं राहून दाजींना व्हिडिओ कॉल लावला. ते प्रवेशदाराच्या आत खुर्चीवर बसलेले. निघताना आईनं त्यांच्या शर्टाच्या खिशात अक्षतांची पुडी घातली होती, कुंकवानं लाल झालेली. तपासणीच्या जवानानं ती उघडायला लावली. "ये क्या है?" दाजी म्हणाले, "शादी है, साली की. वहाँ चल रही है, मैं यहाँ हूँ." त्यानं पुडी परत बांधून दिली.

'सावधान' झालं की दाजी चार दाणे मोबाइलवर टाकायचे. शेजारी एक म्हातारी सरदारीण बसली होती. तिनं तिसऱ्या मंगलाष्टकाला हात पुढं केला, पुडीतून चिमूटभर घेतले आणि तीही टाकायला लागली. शेवटी शेवटी त्या ओळीतले पाच-सहा जण टाकत होते. इकडं माझ्या फोनवर आवाज नीट येत नव्हता, फक्त काचेवर तांदूळ पडल्याचा टिक-टिक आवाज यायचा.

विमान ५:५० चं ६:३५ ला उडालं.

जिंतूर_फास्ट
पावणेसातला तरी पोचलो नसतो. आधीच सांगतो, कुणी विचारायच्या आत.

गणित_मास्तर
मंगलाष्टकं ३:०५ ला. काउंटर उशीर धरून समजा ५:३५ ला बंद झाला असता. अडीच तासांत अडीचशे, सरासरी शंभर. दाजी, जमलं नसतं.

मावशी_पैठण_गेट
नवरीला माझा आशीर्वाद सांगा. आणि तांदूळ कुणी झाडले तिथले?

बेंगळुरूचे_दाजी
मीच. झाडूवाल्या मावशींनी झाडू हातात दिला.